मोजा टाचेत ठरतो



ऊस विकास विभागाच्या पानावर लोकरीच्या मोज्यांचा विषय पाहून आपण म्हणाल, साहेबांचे डोके ठिकाणावर आहे ना? तर हकीकत अशी.

गेल्या डिसेंबरात लागणीच्या नोंदी तपासत आम्ही नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथले एक जुने सभासद चहा पाजल्याशिवाय सोडीत नाहीत. सोप्यात बूट काढले, तो आमच्या मोज्यातून अंगठा बाहेर! सभासदांच्या मंडळी वयाने पंचाहत्तरीच्या, गावात सारे त्यांना आक्का म्हणतात. त्या हसून म्हणाल्या, "सायेब, तुमी आमचा ऊस बघताय, पन तुमचा अंगठा कोन बघतंय?" आणि आतून त्यांनी एक पत्र्याची ट्रंक ओढून आणली. ट्रंकेत गुळाच्या ढेपा ठेवाव्यात तसे लोकरीचे गुंडे रचून ठेवलेले. नोंदवही बाजूला राहिली आणि तासभर आम्ही मोजेच ऐकत बसलो.

1962 साली चीनची लढाई झाली, तेव्हा आक्का शाळेत होत्या. जवानांसाठी देशभर बायका-मुली लोकरीचे कपडे विणत होत्या. यांच्या बाईंनीही वर्गात सुया वाटल्या. मोठ्या मुलींना स्वेटर, लहानांना मोजे. तेव्हापासून आक्कांचा मोजा सुटलेला नाही. स्वेटर त्यांना आवडत नाही. "स्वेटर म्हंजे सपाट रान. मोज्याला वळण हाय," असे त्यांचे म्हणणे.

आम्ही विचारले, मेंढरे तर आपल्याच रानात बसतात, मग लोकर बाहेरची कशाला? त्यावर आक्का म्हणाल्या, "धनगराची लोकर घोंगड्याला सोनं, पायाला मात्र टोचती." खरेच आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. मोज्याला मेरिनोसारखी मऊ लागते. पण नुसती मऊ लोकर टाचेला लवकर झिजते, म्हणून मोज्याच्या धाग्यात बहुधा 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असते. 100 ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे 400 मीटर धागा, म्हणजे एक जोड आरामात होतो. आक्कांची नात जर्मनीत शिकते, ती येताना असे गुंडे आणते. एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीवर एकच नंबर असतो, तो जुळवून घ्यावा लागतो. "न्हाईतर एक मोजा आडसाली आनि दुसरा खोडवा दिसतोय!"

पाच सुयांचे काम

दोन्ही टोकांना टोक असलेल्या पाच सुया घेतात. टाके चार सुयांवर वाटायचे आणि पाचवीने गोल गोल विणत जायचे. त्यामुळे मोज्याला शिवण येत नाही. पण आधी हातभर नाही, चार बोटांचा नमुना विणायचा आणि इंचात किती टाके बसतात ते मोजायचे. माती परीक्षणाचा नमुना न देता खत टाकणाऱ्या सभासदांनी हे ध्यानात घ्यावे! इंचाला 8 टाके आले आणि पायाचा घेर 9 इंच असला, तर मोजा 8 इंचाचा, म्हणजे 64 टाक्यांचा. थोडा कमी असला तरच तो पायाला धरून बसतो.

वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. म्हणून ती ताणते. पोटरी उतरली की टाच येते. निम्मे 32 टाके तसेच थांबवायचे आणि उरलेल्या 32 वर मागे-पुढे विणायचे. सुलट ओळीत एक टाका विणायचा, एक नुसता उचलायचा, म्हणजे कापड दुपदरी जाड होते. मग मधल्या टाक्यांवरून वळण घ्यायचे, कडेचे टाके उचलायचे आणि कमी करीत पुन्हा 64 वर यायचे. आक्का म्हणाल्या, "मोजा टाचेत ठरतो. टाच जमली की बाकी सगळं सरळ रान."

ओल्या पायांची गोष्ट

मोजा ही वस्तू जुनीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेली लाल लोकरीची जोडी आहे. ती तिसऱ्या ते पाचव्या शतकातली असून चपलेत घालता यावी म्हणून तिचा अंगठा वेगळा आहे. 1589 साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र काढले, तरी हातचा मोजा संपला नाही. 1914 ते 1918 च्या महायुद्धात खंदकातल्या चिखलपाण्याने सैनिकांचे पाय सडू लागले. तेव्हा कोरडे मोजे वरचेवर बदलणे हा एक मोठा उपाय ठरला, आणि घरोघर मोजे विणले गेले.

रात्रीची दारे धरणाऱ्या आपल्या सभासदांना ओला पाय वेगळा सांगायला नको. लाइट रात्रीची असली की मालक गमबूट घालून रानात जातात, आणि गमबुटात आक्कांचे मोजे. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही.

पण मालकांना साखरेचा आजार आहे. (साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना आम्हालाच कसेसे होते.) दोन वर्षांमागे बाभळीचा काटा गमबुटातून तळव्यात शिरला. जुन्या साखरेने पाय बधिर होतो. मालकांना कळलेच नाही. आक्का मोजे धुताना टाच उलटी करून झीज बघतात. त्या दिवशी तपकिरी मोज्यात एक जागा हाताला कडक लागली. दिवा धरून तळवा पाहिला तर जखम पिकलेली! तालुक्याला नेले. आणखी आठ दिवस गेले असते तर पायावर बेतले असते, असे डॉक्टर म्हणाले. दीड महिन्याने जखम भरली.

तेव्हापासून मालकांचे मोजे पांढरेच, आणि काच पडू नये म्हणून 64 ऐवजी 72 टाक्यांचे.

तरी सभासदांना विनंती की, ज्यांना साखर आहे त्यांनी रोज झोपण्यापूर्वी तळवे स्वतः पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत. गमबूट घालण्याआधी आत हात फिरवावा. मोजे फिक्या रंगाचे, सैल आणि कोरडे असावेत. ते हातचेच पाहिजेत असे नाही. धुणाऱ्याची नजर मात्र आक्कांची असावी.

निघताना आक्कांनी आमच्या पायाचे माप घेतले आणि म्हणाल्या, "एक मोजा संक्रांतीला. दुसरा तोडीची चिठ्ठी आल्यावर!" आम्ही हात जोडून सांगितले, आक्का, चिठ्ठी लागणीच्या तारखेप्रमाणेच येईल. त्यावर त्या म्हणाल्या, "मग टाके घालायला लागते. घाई कुनाला हाय?"

कळावे,
ऊस विकास अधिकारी