25 ग्रॅम हळद

सकाळी 8:30. सांगलीतली आमची अन्नतपासणीची प्रयोगशाळा. पहिलं काम इनक्युबेटरची तापमानं वहीत लिहिण्याचं: एक 37 अंशांवर, दुसरा 41.5 वर.

9:00. कालच्या प्लेटा उजेडात धरते. साल्मोनेला या जंतूची कॉलनी लालसर, मधोमध काळी. मिरची पावडरीच्या एका प्लेटवर तसल्याच दिसतात. पण प्रोटियस नावाचा बहुरूपीही अशीच सोंगं काढतो. दोघांतला फरक सांगणारी युरिएजची नळी लावते आणि तोंड बंद ठेवते.

11:00. व्यापाऱ्याचा फोन. "मॅडम, गाडी भरून उभी आहे. आज रिपोर्ट द्याच." कसा देणार? सुक्या मसाल्यात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन्महिने तग धरतो. त्या अर्धमेल्या जंतूला आधी 18 तास साध्या पोषक द्रावणात सावरू द्यायचं, मग एक दिवस निवडक माध्यमात, पुढचा दिवस प्लेटवर. संशय आला की आणखी तपासण्या.

2:00. युरिएजची नळी गुलाबी. साल्मोनेला नव्हे. आता जेवण.

3:30. हळदीचे पाच नमुने, प्रत्येकी 25 ग्रॅम, 225 मिली द्रावणात. मुद्दाम दुपारी लावते, म्हणजे 18 तास सकाळी भरतात. लवंग असती तर हजारपट पातळ करावी लागली असती. ती स्वतःच जंतूंना दाबते आणि तपासणाऱ्याला खोटा दिलासा देते.

5:00. जुन्या रिपोर्टांवर सह्या. '25 ग्रॅममध्ये आढळला नाही.' व्यापारी ते अख्ख्या लॉटचं प्रशस्तिपत्र समजतो. 100 पोत्यांपैकी 10 दूषित असली आणि कुठल्याही पाचांतून नमुने काढले, तरी पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता सुमारे 58 टक्के. त्यातून नमुना बहुधा हाताला लागेल त्या, वरच्याच पोत्यातला! धोका खाण्याच्या रीतीवरही ठरतो. फोडणीत पडणाऱ्या हळदीची मला एवढी काळजी नाही. कापलेल्या फळांवर भुरभुरलेल्या मसाल्याची आहे.

आणि काढणीनंतर हळद शिजवताना बहुतेक जंतू मरतात. घोळ होतो तो नंतर, उघड्यावर वाळवताना: पाखरं, पाली, उंदीर. म्हणून शेतकऱ्यांना एकच विनंती. हळकुंडं जमिनीवर नको, स्वच्छ ताडपत्रीवर पसरा, रात्री झाका आणि पुरती वाळल्याशिवाय पोत्यात भरू नका.