आईची वही

व्यापारी घरात जुन्या वह्या जपून ठेवल्या जातात. आजोबांच्या हातची खतावणी लाल कापडात बांधलेली असते. दिवाळीला नव्या चोपड्यांचे पूजन होते आणि जुने चोपडेही कपाटात मानाने बसतात. त्याच घरात सुनेने माहेरून आणलेली कवितांची वही मात्र चार-सहा वर्षांत कोठे गेली, याचा पत्ता कोणालाच नसतो. पहिले मूल झाले, दुसरे झाले, शाळा, सणवार, पाहुणे, आजारपणे सुरू झाली. वही आधी ट्रंकेच्या तळाशी गेली आणि पुढे रद्दीत. ‘लिहू नकोस’ असे तिला कोणी म्हटले नव्हते. ‘लिही’ असेही कोणी म्हटले नव्हते.

मातृत्व आणि लेखन यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न बहुधा त्या एकट्या स्त्रीपुढेच ठेवला जातो. तिने पहाटे उठावे, कामे भराभर आवरावीत, असा उपदेश होतो. परंतु ज्या माता लेखिका म्हणून नावारूपाला आल्या, त्यांची आयुष्ये पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हा मेळ तिच्या चिकाटीवर जितका अवलंबून असतो, तितकाच घरातील माणसांच्या वागण्यावरही असतो.

रात्रीची लेखणी

बंगाली लेखिका आशापूर्णा देवी यांचा जन्म 1909 साली कोलकात्यातील एका सनातनी एकत्र कुटुंबात झाला. मुलींनी शाळेत जाण्यास आजीचा विरोध होता. भाऊ धडे गिरवीत असताना शेजारी बसून त्या अक्षरे शिकल्या. वडील हरेंद्रनाथ गुप्त चित्रकार होते आणि आई सरलासुंदरी यांना वाचनाचे विलक्षण वेड होते. आईचे ते वेड मुलीत उतरले. तेराव्या वर्षी आशापूर्णांची पहिली कविता मुलांच्या मासिकात छापून आली आणि 1924 साली, पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला.

पुढे संसार, मुले, सासरचा गोतावळा हे सारे इतर गृहिणींप्रमाणेच त्यांच्या वाट्याला आले. दिवस घराचा आणि रात्र लेखनाची, असा त्यांचा क्रम होता. सर्वांची जेवणे आटोपून घर निजले की त्या लिहावयास बसत. आवर्ती ठेवीत दरमहा थोडी थोडी रक्कम पडत जावी आणि मुदतीअखेर मोठी पुंजी हाती यावी, तसे या रात्रींचे झाले. दीडशेहून अधिक कादंबऱ्या आणि असंख्य कथा त्यांच्या हातून लिहून झाल्या. 1976 साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका होत.

हे सारे गौरवास्पद आहे. पण त्याचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. ‘त्यांना जमले, मग तुला का नाही?’ असे सुनेला विचारणे सोपे असते. दिवसभराच्या श्रमानंतर वर्षानुवर्षे झोप मोडून लिहिणे, ही त्यांनी मोजलेली किंमत होती. प्रत्येक आईकडून तिची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

जळलेली प्रत, जपलेली प्रत

आशापूर्णांची ‘प्रथम प्रतिश्रुती’ (1964), ‘सुवर्णलता’ (1967) आणि ‘बकुलकथा’ (1974) ही कादंबरीत्रयी म्हणजे आई, मुलगी आणि नात यांची कथा. सत्यवती आपल्या मुलीला शिकवू पाहते. पण तिच्या अपरोक्ष त्या लहानग्या सुवर्णलतेचे लग्न उरकले जाते आणि सत्यवती संसार सोडून निघून जाते. सुवर्णलता मोठ्या कुटुंबात अनेक मुलांची आई होते. चोरून वाचते, लिहिते. तिचे लेखन छापूनही येते. पण घरातील माणसे त्याची थट्टा करतात आणि ती ते सारे जाळून टाकते. तिची मुलगी बकुल पुढे लेखिका होते. सुवर्णलतेला कोणी मारझोड करून लिहिण्यापासून रोखत नाही. घरच्यांचे हसणे पुरेसे ठरते.

याच्या नेमके उलट उदाहरण खानदेशात घडले. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि तिसाव्या वर्षी वैधव्य. पदरी एक मुलगी आणि दोन मुलगे. शेतीचा आणि घराचा भार. अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातील पीतांबर चौधरी यांनी ती ऐकून टिपून ठेवली. 1951 साली बहिणाबाईंचे निधन झाले. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि 1952 साली संग्रह प्रसिद्ध झाला. जी गाणी टिपली गेली नाहीत, ती त्या माउलीबरोबरच गेली. आईच्या ओठांवरचे शब्द मोलाचे आहेत, असे मुलाला वाटले नसते, तर महाराष्ट्र या कवयित्रीला मुकला असता.

उणा वेळ, थोडे शब्द

बेळगावच्या इंदिरा संत यांची वाट आणखी अवघड. 1940 साली पतींसमवेत ‘सहवास’ हा संयुक्त कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि 1946 साली पती ना. मा. संत यांचे निधन झाले. मुले लहान होती. शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयातील नोकरी, घर आणि मुले सांभाळून त्यांनी ‘शेला’ (1951), ‘मेंदी’ (1955), ‘मृगजळ’ (1957) असे संग्रह दिले. ‘गर्भरेशीम’ या संग्रहाला 1984 साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथा लिहून मराठी साहित्यात स्वतःचे स्थान मिळवले. आईच्या लेखनाने मुले दुरावतात, अशी भीती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मिळेल त्या वेळेला मानवेल असा लेखनप्रकार निवडण्यात कमीपणा नाही. मूल तान्हे असताना कादंबरी कदाचित होणार नाही. आठ ओळींची कविता, पानभर आठवण, बाळासाठी रचलेली गोष्ट होऊ शकते. मुलाच्या तापात, परीक्षेच्या दिवसांत वही बंद राहील. ती पुन्हा उघडली जाणे महत्त्वाचे.

घराने काय करावे?

दुकानात संध्याकाळी रोजमेळ जुळवणाऱ्या माणसाला कोणी हाक मारत नाही. आकडा चुकेल, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. तोच नियम घरात लागू करता येईल. दिवसातील एक तास, तोही मध्यरात्रीचा नव्हे, तिचा असावा. त्या तासात मुले आजोबांनी किंवा वडिलांनी सांभाळावीत. एक टेबल, एक कुलपाचा खण तिच्या नावाचा असावा. लिहिलेले तिने दाखवले तरच वाचावे आणि वाचल्यावर हसू नये. या लेखनातून मिळकत किती, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. नव्या दुकानालाही जम बसेपर्यंत अवधी द्यावाच लागतो.

घरातील जुने चोपडे कोणाकडून किती येणे होते, ते सांगतात. त्या घरात माणसे कशी जगली, काय सोसले, कशाला हसली, हे त्यांत नसते. ते आईच्या वहीत असते. कपाटात तिलाही एक खण हवा.