भिंतीतली केबल आधी बघा

बहिणीच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला वायफाय पोचेना. टेलिफोनचं सॉकेट उघडलं, तर आत निळी केबल, आठपैकी दोनच तारा जोडलेल्या. आवरणावर छापलेलं ‘कॅट ५ई’. म्हणजे हीच केबल इंटरनेटला वापरता येईल. लॉटरीच!

१०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे वेग १०० ला अडकला, तर राउटरला शिव्या घालण्याआधी जोडणी तपासा. बऱ्याचदा एखादी तार नीट बसलेली नसते.

दोन्ही टोकांना आरजे४५ सॉकेट लावा, रंगक्रम एकच ठेवा (मी ५६८बी वापरतो). सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तिथे गिगाबिट स्विच, आणि त्याला राउटरच्या लॅन पोर्टमधून एक केबल. बस्स. १०० मीटरपर्यंत काळजी नाही.

तुमच्या भिंतीत काय निघतंय? फोटो टाका, सांगतो.