कोळी मुतला की नागीण?

निशी-कसाईला मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांना शरद ऋतूत भिंतीवर पंजाएवढा कोळी दिसला, तर घाबरू नये. जपानी लोक त्याला 'अशीदाका-गुमो' म्हणतात. हाच कोळी आपल्या कोकणातल्या घरांतही असतो. तो जाळे विणत नाही, झुरळे खातो. त्याला मारायला स्टुलावर चढू नका. पडलात तर खुबा मोडेल. जपानमध्ये १९९५ साली प्रथम सापडलेला, पाठीवर लाल पट्टा असलेला काळा कोळी मात्र विषारी. तो चावला तर लगेच दवाखाना गाठा.

पण अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पाणीदार फोडांचा पट्टा उठला, तर "कोळी मुतला" म्हणून लेप लावत बसू नका. ती बहुधा नागीण असते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दडून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोके वर काढतो. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या, तर गुण चांगला येतो. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवाच. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी जा, नजरेचा प्रश्न आहे.

परक्या देशात मुलासुनेला त्रास नको, म्हणून दुखणे लपवू नका.