ठरीव सर्व्हर कोणता?

मोठ्या संस्थेंतील माणसें, त्यांचे संकेतशब्द व यंत्रें यांची जी एक सामाईक नोंदवही संगणकांच्या जाळ्यावर ठेविलेली असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशीं बोलण्याची एलडॅप नांवाची पद्धति १९९३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत सिद्ध झाली. ओपनएलडॅप या मुक्त प्रणालीच्या योगें ती आज कोणत्याही शाळेस विनामूल्य वापरतां येते. शोध, भर, दुरुस्ती व लोप हीं कामें आज्ञा टंकून करावयाचीं असतात. परंतु नोंदवही कोणत्या सर्व्हरवर आहे हें आज्ञेस ठाऊक असावें लागतें. दर वेळीं पत्ता लिहिणें कंटाळवाणें. म्हणून ठरीव सर्व्हर नेमण्याची सोय केलेली आहे.

ही सोय एकाच ठिकाणीं नाहीं, हेंच मर्म होय. प्रथम साऱ्या यंत्रासाठीं असलेली ‘एलडॅप डॉट कॉन्फ’ ही फाइल वाचली जाते. तींत ‘यूआरआय’ या शब्दापुढें सर्व्हरचा पत्ता व ‘बेस’ या शब्दापुढें शोधाचा आरंभ कोठून करावा तें लिहितात. पत्ते दोन असल्यास, पहिला न लागल्यावर दुसरा आजमावला जातो. नंतर वापरणाऱ्याची खासगी फाइल, त्यानंतर ‘एलडॅपयूआरआय’ हा परिसरचल, आणि शेवटीं आज्ञेंतच लिहिलेला पत्ता. मागून येणारा आधींच्यास खोडून काढतो. कोठेंच कांहीं लिहिलें नसेल तर आज्ञा आपल्याच यंत्राचें ३८९ क्रमांकाचें दार ठोठावते.

हा क्रम पाठ असूनही मीं एकदां फसलों. सरावासाठीं खऱ्या नोंदवहीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर ठेविली होती; संकेतशब्दही तोच. फाइलींत सरावाचा पत्ता लिहून मीं एका तुकडीचीं सर्व नांवें निश्चिंतपणें पुसलीं. दुसऱ्या दिवशीं त्या तुकडींतील एकाही मुलास संगणकावर प्रवेश मिळेना! कांहीं महिन्यांपूर्वीं परिसरचलांत खऱ्या सर्व्हरचा पत्ता मींच घातला होता आणि पार विसरलों होतों. जुन्या प्रतीवरून नांवें परत आणीपर्यंत दुपार झाली. तोंवर दाराशीं उभीं असलेलीं मुलें विचारीत होतीं, “सर, आमचीं नांवें काढलींत का?”

तेव्हांपासून ठरीव सर्व्हर म्हणून मी सरावाचाच नेमतों. खऱ्याचा पत्ता, कंटाळा आला तरी, आज्ञेंत हातानें लिहितों. लोपाच्या आज्ञेस ‘एन’ ही खूण लाविली असतां काय पुसलें जाईल तेवढें दिसतें, प्रत्यक्ष कांहीं पुसलें जात नाहीं. मात्र तें कोणत्या सर्व्हरवर, हें ती खूण सांगत नाहीं. त्यासाठीं ‘प्रिंटएन्व्ह’ ही आज्ञा आधीं देऊन परिसरचल रिकामा आहे कीं नाहीं तें पाहावें.