प्रवाळाला कोणता दिवा लागतो?

मुलांनो, अमेरिकेत काही हौशी मंडळी घरच्या काचेच्या टाकीत खारं पाणी भरून चक्क प्रवाळ वाढवतात! टाकीवरचा दिवाही एलईडी जोडून स्वतःच बनवतात. पण एलईडी कोणते घ्यायचे? आपल्या डोळ्यांना छान दिसतील ते? छे!

प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नव्हे. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. जणू घरभाडंच! समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा मात्र खोलवर पोहोचतो. ही शैवालं त्याच निळ्या प्रकाशाला सरावलेली. म्हणून सुमारे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचे गडद निळे एलईडी जास्त घेतात. जोडीला थोडे पांढरे, आपल्याला रंग नीट दिसावेत म्हणून.

एलईडी तापतात, त्यामुळे ते ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवतात. शिवाय दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण प्रखर ठेवत नाहीत. काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. कारण उजेड अति झाला, तर प्रवाळातली शैवालं निघून जातात. मग प्रवाळ पांढरं पडतं आणि उपासमारीने मरूही शकतं.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, बरं का! ते तोडून आणायला मात्र कायद्याने बंदी आहे. तिथे त्याला सूर्याचा उजेड पुरतो. फक्त पाणी गढूळ होता कामा नये. ते सांभाळणं आपल्या हाती, नाही का?