मंजूर पोटगी, मिळालेली पोटगी

माझ्या पिशवीत पोस्टाचं एक जुनं पासबुक असतं. एका वर्षात त्यात नवऱ्याकडून चारदाच पैसे आले, दर वेळी 2,200 रुपये. कोर्टाचा आदेश दरमहाचा होता: मला 1,200, मुलीला 1,000. वर्षाचे व्हायला हवे होते 26,400. आले 8,800.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा समोरच्या माणसानं पासबुक उघडलंच नाही. आदेशाची नक्कल वाचली, मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बसत नाही." दारिद्र्यरेषेच्या यादीत आमचं नाव नव्हतं. अशा वेळी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात महिना काढणारं घर कुणी दाखवलं तर मी पाया पडेन. पण मर्यादा आहे ती आहे.

आता तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसून मी दुसऱ्या बायकांचे अर्ज भरून देते. घटस्फोट झालेली किंवा त्याची केस चालू असलेली बाई पोटगी मिळत नसेल, किंवा मर्यादेपेक्षा कमी मिळत असेल, तर या योजनेत बसते. शब्द 'मिळणारी' पोटगी असा आहे, मंजूर झालेली नव्हे. दीड हजाराचं अनुदान त्या एका शब्दावर अडतं, आणि तो शब्द टेबलापलीकडच्या माणसाला आपणच वाचून दाखवावा लागतो.

म्हणून पोटगी थकली की वसुलीचा अर्ज टाकायचा, तोही रक्कम देणं लागल्यापासून वर्षाच्या आत. उशीर झाला की त्या थकबाकीचं वॉरंट निघत नाही. माझे दोन महिने असेच बुडाले. पुन्हा कोर्टाची पायरी नको म्हणून मीच बसून राहिले होते. दंडाधिकारी नवऱ्याला महिनाभर तुरुंगातही धाडू शकतात. त्यानं पैसे येतीलच असं नाही, पण वसुली अर्जाची सहीशिक्क्याची नक्कल तलाठ्याच्या चौकशीत उपयोगी पडते. (पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय, 1 जुलै 2024 पासून. आमच्या कोर्टात सगळे अजून 'एकशे पंचवीस'च म्हणतात. त्याच कलमाखाली पूर्वी महिन्याला 500 च्या वर पोटगी देता येत नव्हती, हे नव्या मुलींना सांगितलं तर खोटं वाटतं.)

सगळ्यात जास्त राग येतो तो एका सल्ल्याचा. "पोटगी सोडल्याचं लिहून द्या, निराधारमध्ये आरामात बसाल." सल्ला देणारा बहुधा सासरकडचाच असतो. एकदा एक बाई सही करायला निघालेली, मुलगा सहा वर्षांचा. तिला म्हटलं, त्याची पोटगी त्याची आहे, तुझी नाही. त्याच्या वतीनं ती सोडून द्यायचा तुला हक्कच नाही. ती परत फिरली. चहा मात्र तिनंच पाजला.

मुलांसाठी बालसंगोपन योजना वेगळी आहे. एकच पालक सांभाळत असलेल्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. त्यासाठी महिला व बालविकास विभागाकडे जावं लागतं. लाडकी बहीणमध्ये परित्यक्ता आणि घटस्फोटितांचा समावेश आहे. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, त्यामुळे पोटगी फारशी आड येत नाही. पण निराधारचे दीड हजार चालू असतील तर लाडकी बहीणचे दीड हजार मिळत नाहीत.

माझा अर्ज दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. कागद तेच होते. वसुली अर्जाची नक्कल तेवढी जास्तीची. तुम्ही जाल तेव्हा कोर्टाचा आदेश खाली ठेवा. वर पासबुक ठेवा, जमा झालेल्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारून.